खळग्यातली रेंज

कॉटनपेट, बेंगळूर
१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

रक्षिता,

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्ता विश्वासमामाच्या घरून मिळाला. मामीवर रागावू नकोस, मीच चार दिवस तिच्या मागे लागले होते. मराठी लिहायची सवय मोडली माझी, डेपोत सगळं कन्नडातच चालायचं. पण तुझी जमनाआजी लहानपणी माझ्याकडून रोज दहा ओळी लिहून घ्यायची, ते हात विसरले नाहीत. तूही दोन वर्षं नाशिकला काढलीस, आता मराठी वाचायला तुला जड जाणार नाही.

मी नोकरी सोडली. सव्वीस वर्षं हलत्या बसमध्ये उभ्यानं तिकिटं दिली, आता गुडघे ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बसून राहा. तीन आठवडे बसले. मग डेपोतून फोन आला की एक मुलगी आली आहे, तिला हळेकल्लुच्या मार्गाची माहिती हवी आहे, आणि त्या मार्गावर नऊ वर्षं काढलेली तूच एक आहेस.

मुलीचं नाव सुचेता. पुण्याची, तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. जे. पी. नगरला त्यांच्या संस्थेचं ऑफिस आहे. ती मला 'मॅडम' म्हणायला लागली, मी म्हटलं अक्का म्हण.

हळेकल्लु तुला आठवत असेल, लहानपणी एकदा माझ्याबरोबर आली होतीस. दगडाची जुनी खाण, तिच्या खळग्यात शे-सव्वाशे घरं. बिदर, यादगीर, रायचूरकडून आलेली माणसं. मोबाइल घराघरात आहे, पण खळग्यात टॉवर पोचत नाही. बोलायचं तर दोन किलोमीटर चढून वर क्रॉसवर, मोठ्या रस्त्याच्या तिठ्यावर यायचं. सुचेताच्या लोकांनी तिथल्या अंगणवाडीच्या भिंतीला एक पेटी लावली आहे. वस्तीतल्या कुणी फोनवर निरोप लिहिला किंवा बोलला की तो त्या पेटीत जाऊन थांबतो. दुसरी पेटी बसमध्ये. बस खाली आली की निरोप एका पेटीतून दुसरीत उडी मारतो, आणि बस रेंजमध्ये गेली की पुढे जातो. उत्तरही तसंच परत येतं. पूर्वी टपालाची थैली गाडीनं जायची, तसंच. वेळ लागतो, पण निरोप हरवत नाही.

कागदावर हिशोब तीन तासांचा होता आणि प्रत्यक्षात निरोपाला एकतीस तास लागत होते. का, ते कुणाला कळेना.

मी विचारलं, "बस खाली येते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"टाइमटेबलमध्ये आहे ना," सुचेता म्हणाली.

"रस्ता खचलाय, बाळ. दोन पावसाळे झाले, बस क्रॉसवरूनच वळते. आठवड्यातून एखादा ड्रायव्हर खाली उतरला तर उतरला."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, उद्यापासून येता का?

मी 'सरी' म्हटलं, येते. तुझे पप्पा गेले तेव्हा मी त्याच मार्गावर होते. खळग्यात रेंज नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं. तू मानलं नाहीस. ते असो. तिथे परत जायला पाय वळत नव्हते, पण गेले.

उत्तराची सक्ती नाही. मी लिहीत राहीन.

आई

—

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

रक्षिता,

मागचं पत्र परत आलं नाही. म्हणजे निदान तुझ्या दारापर्यंत पोचलं.

या आठवड्यात मी पहिल्यांदा नकाशा पाहिला. सुचेताबरोबर सुशांत म्हणून एक आहे, नागपूरचा, आकडे तो सांभाळतो. वस्तीतल्या फोनांवरून, माणसं कुठे जातात त्याच्या रेघा त्यानं काढल्या होत्या. जिथे जास्त जा-ये तिथे रेघ जाड. एक जाड रेघ नव्या खाणीकडे, एक गावातल्या दारूच्या दुकानाकडे, एक आनेकलकडे.

मी म्हटलं, "यात बायका कुठे आहेत?"

"सगळेच आहेत, अक्का. एकशे बारा फोन आहेत यात."

"फोन आहेत. बायका नाहीत."

त्याला कळेना. मग मी सांगितलं. नऊ वर्षं पहाटे साडेपाचच्या बसला हळेकल्लुच्या बायकांची मी तिकिटं फाडली. पंचवीस-तीस बायका रोज बन्नेरघट्टा रोडवरच्या अपार्टमेंटांत भांड्याला, झाडूला जातात. दुपारी तीनच्या आत परततात, कारण नळाला पाणी तेव्हा येतं. वस्तीत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात नेमानं फिरतं ते त्यांचं पाऊल. पण घरात फोन एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात. बायका हात हलवत जातात नि हात हलवत येतात. तुमच्या नकाशाला त्या घरात बसलेल्याच दिसणार.

सुशांतनं चष्मा काढून पुसला. वाईट मुलगा नाही. म्हणाला, "मग आपण ट्रॅक कुणाला करत होतो सहा महिने?"

"नवऱ्यांना," सुचेता म्हणाली.

आता ठरलंय ते असं. साबणाच्या डबीएवढी एक छोटी पेटी करायची आणि ती बायकांच्या पिशवीत द्यायची. क्रॉसवर, सगळे ज्याला काका म्हणतात त्याच्या चहाच्या दुकानात मोठी पेटी, तिथे रेंज असतेच. बाई खालून निघाली की अंगणवाडीतले निरोप तिच्या डबीत येतील, काकाच्या दुकानापाशी पोचली की पुढे जातील. परत येताना उलट. तिनं काही दाबायचं नाही, काही वाचायचं नाही. नुसतं रोजच्यासारखं चालायचं.

बोलायला सोपं आहे. बायकांना पटवायचं काम माझ्यावर आलंय.

पावसाचा गारठा असेल तिकडे तर छातीला जप. तुला दर वर्षी धरतं.

आई

—

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

रक्षिता,

पाच आठवडे गेले, पण जमलं. अकरा जणी तयार झाल्या.

पहिल्या दिवशी एकही नाही. त्यांची म्होरकी कृष्णाबाई, बिदरकडची, आपल्यासारखीच घरात मराठी बोलणारी. तिनं डबी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "अक्का, दुसऱ्याचं बोलणं माझ्या पिशवीत कशापायी? उद्या काही झालं तर म्हणतील हिनंच चोरून ऐकलं."

मी म्हटलं, ऐकता येत नाही. तिनं विचारलं, तुला कसं ठाऊक? मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुचेताला घेऊन गेले आणि बायकांसमोर डबी उघडून दाखवायला लावली. कॅमेरा नाही, माइक नाही, एक हिरवी पट्टी नि एक बॅटरी. सुचेतानं समजावलं की निरोपाला कुलूप असतं आणि किल्ली ज्याचा निरोप त्याच्याचकडे. कृष्णाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघू.

मग अपार्टमेंटच्या वॉचमननं एकीची डबी काढून घेतली, ही काय वस्तू म्हणून. ती रडत आली. मी दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या बसनं तिच्याबरोबर गेले. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरीला विचारा. सेक्रेटरी म्हणाला, मीटिंग आहे, रविवारी या. मी म्हटलं, मी बसते. गेटपाशी खुर्ची होती, तिथे बसले. अकरा वाजता तो खाली आला, डबी दिली, आणि एका कागदावर सही करून दिली की या बायकांना डबी नेता येईल. त्या कागदाच्या अकरा प्रती काढल्या नि प्रत्येकीच्या पिशवीत घातल्या. त्यानंतर त्या माझं ऐकायला लागल्या. मशीनवर नाही, पण मी बसून राहते यावर त्यांचा विश्वास बसला.

कृष्णाबाईची मुलगी बिदरला हॉस्टेलात असते, नववीत. कृष्णाबाई म्हणाली, मी नेते डबी, पण पहिला निरोप तिचा आला पाहिजे. मुलीला सांगितलं, तिनं बोलून पाठवलं. एकोणीस तासांनी आला. नवरा जेवायला बसला होता, कृष्णाबाईनं त्याच्या खिशातून फोन काढून घेतला आणि आम्ही सगळ्या अंगणवाडीच्या पायरीवर बसून ऐकलं.

"आई, मी जेवले. आज वांग्याची भाजी होती. मला नाही आवडली. बरं, ठेवते."

एवढंच. कृष्णाबाईनं ते सहा वेळा लावलं. प्रत्येक वेळी 'मला नाही आवडली'ला हसली. मी तिथून उठून टाकीकडे गेले, हातपाय धुवायचं निमित्त करून.

आता सरासरी अकरा तासांवर आली आहे. सुशांत रोज आकडा पाठवतो.

आई

—

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

रक्षिता,

हे तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

परवा रविवारी विश्वासमामाच्या अभिमन्यूचं लग्न होतं, चिकपेटजवळच्या हॉलमध्ये. सगळे आले होते. तुझी चौकशी झाली. मोठ्या आत्या काहीबाही बोलल्या, नेहमीचंच. मी वाढायला उठले.

साडेदहाच्या सुमारास फोन पाहिला. वस्तीतले कुठले निरोप अजून पोचले नाहीत त्याची यादी मला दिसते. आत काय लिहिलंय ते दिसत नाही, फक्त कुणाकडून आणि कुठल्या घरासाठी. आरोग्य केंद्रातून घर नंबर एकतीसला, लाल खुणेचा, म्हणजे तातडीचा. शनिवारी दुपारी चार दहाला काकाच्या दुकानातल्या पेटीत येऊन पडला होता. बायका तीनलाच खाली गेलेल्या. रविवारी कुणी कामाला जात नाही. म्हणजे सोमवारपर्यंत तो तिथेच.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की उद्या दुपारी पहिली बाई परतेल तेव्हा जाईल खाली. अठरा तास थांबला, अजून एक दिवस थांबेल. पंगत बसत होती. मी बसले, जेवले, पानसुपारी घेतली. पण मधून मधून यादी उघडून बघत होते, लाल खूण तिथेच होती. साडेबाराला उठले. विश्वासमामा म्हणाले, "अक्का, कुठे निघालीस? वरात आहे अजून." मी म्हटलं, कामावर.

चिकपेटहून मेट्रोनं जे. पी. नगर, तिथून बस. क्रॉसवर उतरले तेव्हा तीन वाजले होते. काकाच्या दुकानात एक जादा डबी होती, तिच्यात निरोप घेतला नि निघाले. दोन किलोमीटर उतार, खडी. लग्नातली साडी तशीच. गुडघ्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

एकतीस नंबर निंगव्वाचं घर. बावीसेक वर्षांची, आठवा महिना. चटईवर पडली होती, ओठ पांढरे, बोलताना दम लागत होता. मी निरोप घेऊन आले होते, पण तो उघडायचा कशावर? फोन नवऱ्याकडे, नवरा आनेकलला भावाकडे. निरोप दारात आला तरी घरात शिरत नव्हता.

पुन्हा चढून रेंजपर्यंत आले आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, "रक्त पाच आहे तिचं. काल संध्याकाळीच आणायला हवं होतं. आता आणा, जशी असेल तशी."

वरच शंभूराज भेटला, पाण्याच्या टँकरवाला, टँकर धूत होता. आपल्यातलाच, आनेकलच्या बाजूचा. मी म्हटलं, गाडी खाली घे. तो म्हणाला, आज सुट्टी आहे, अक्का. मी सांगितलं काय झालंय ते. पुढचं त्यानं विचारलं नाही.

घरी निंगव्वाची सासू दारात उभी. "पोराला विचारल्याबिगर कशी नेता?"

"तो आला की मी उत्तर देईन त्याला. तुम्ही तिचं कार्ड आणि एक लुगडं घ्या नि आमच्याबरोबर चला."

"तो चिडेल."

"चिडू दे. ती असेल तर चिडेल ना कुणावर तरी."

सासू आत जाऊन कार्ड घेऊन आली. आम्ही तिघी केबिनमध्ये, निंगव्वाचं डोकं माझ्या मांडीवर. सव्वापाचला जिल्हा इस्पितळात पोचलो. रात्रीपर्यंत दोन पिशव्या रक्त चढलं. डॉक्टरीण बाई म्हणाली, सकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते.

आज भेटून आले. बसून इडली खात होती. नवराही होता. चिडला नाही, पायाला हात लावायला वाकला. मी मागे सरले. दोन तास मी पंगतीत घालवले होते, ते त्याला ठाऊक नव्हतं.

आई

—

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

रक्षिता,

आज बेळ्ळंदूरला मोठी मीटिंग होती. संस्थेला हे काम देणारी जी कंपनी आहे तिच्या ऑफिसात, नवव्या मजल्यावर. काम पुढे चालू ठेवायचं की डिसेंबरअखेर बंद करायचं, हे आज ठरणार होतं. सुचेतानं मलाही नेलं.

आत जायच्या आधी सुशांतनं मला पडद्यावर काय दाखवणार ते दाखवलं. शिवणयंत्राच्या टाक्यासारखी सरळ खाली उतरत गेलेली रेघ. एकतीस तासांवरून नऊ.

"रविवार कुठे आहे?" मी विचारलं.

"रविवार वेगळा काढलाय. रविवारी डब्या नेणाऱ्या कॅरियर नसतात, तो धरला तर सरासरी चौदावर जाते. सगळेच असं करतात, अक्का. यात खोटं काही नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

"निंगव्वाचा निरोप रविवारीच अडकला होता."

"ती एक केस आहे."

"रविवार दर आठवड्याला येतो, सुशांत."

सुचेता म्हणाली, "अक्का, मला पण नाही आवडलेलं हे. पण चौदा दाखवलं तर प्रोजेक्ट बंद होईल. मग सोमवार ते शनिवारचंही जाईल. आपल्याकडे सोल्युशन असतं तर गोष्ट वेगळी."

मी म्हटलं, आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आधी खात्री करायची होती. निंगव्वाच्या प्रसंगानंतरचे दोन्ही रविवार मी सकाळी सातपासून क्रॉसवर उभी राहिले. रविवारी बायका कामाला जात नाहीत, पण कोंबडी आणायला वर येतात. पुरुष झोपलेले असतात. पहिल्या रविवारी त्रेचाळीस जणी, परवाच्या रविवारी एकोणचाळीस. सगळ्या काकाच्या शेजारच्या एकाच दुकानात. मी त्या दुकानदाराला गाठलं. त्याच्याकडे चार डब्या ठेवल्या. कोंबडीच्या पिशवीबरोबर तो एकीच्या हातात डबी देतो, ती जाताना अंगणवाडीच्या भिंतीपाशी टांगते. परवा शनिवारी रात्रीचे सगळे निरोप रविवारी दहाच्या आत खाली पोचले.

सुशांतनं तिथेच लॅपटॉप उघडला, परवाचे आकडे पाहिले. बराच वेळ खाली-वर केलं. मग रविवार परत घातला.

आत पाच जण होते. निर्णय घेणाऱ्या बाईंचं नाव संयोगिता, मुंबईच्या. त्यांनी चौदाचा आकडा पाहून भुवया वर केल्या. सुचेतानं मला बोलायला सांगितलं. मी अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगितलं: बस वळते कुठे, फोन कुणाच्या खिशात असतो, कोंबडी कोण आणतं. निंगव्वाचंही सांगितलं, आणि मी दोन तास उशिरा निघाले तेही.

संयोगिताबाईंनी विचारलं, "एवढ्या हट्टानं का करता हे?"

मी म्हटलं, सवय आहे. सगळे हसले. सहा महिने वाढवून दिले आहेत आणि अजून तीन वस्त्या.

येताना रिंग रोडवर बस दोन तास अडकली. खिडकीशी बसले होते. त्या बाईंना मी खोटं उत्तर दिलं हे डोक्यातून जाईना. तुलाही मी खोटंच सांगितलं आहे, रक्षिता, तीन वर्षं होत आली. आज लिहिते, नाहीतर परत लिहिणार नाही.

रेंज आली होती. खळग्यात नव्हती हे खरं, पण बस खळग्यात पंधरा मिनिटंच थांबायची. वर क्रॉसवर आल्यावर फोन थरथरायचा, तसा त्या दिवशीही थरथरला. तुझे अकरा मिस्ड कॉल. सकाळी तुझं नि पप्पांचं वाजलं होतं. तुम्ही दोघं भांडलात की तू मला असेच दहा-दहा फोन करायचीस, मी मध्ये पडावं म्हणून. वाटलं, परत तेच. पप्पांना काही झालं असेल हे मनातही आलं नाही. फोन पिशवीत टाकला आणि जमलं तेव्हा केला. तोवर ते गेले होते.

सगळे म्हणाले, पोरीनं तास घालवला, लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं. अभिमन्यूच्या लग्नातही आत्या तेच म्हणाल्या. मी तेव्हाही गप्प बसले. रेंज नव्हती म्हटलं की माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे तुझ्याकडे बघतात. ते मी चालू दिलं.

क्षमा मागावी असं मनात येतं, पण मागत नाही. ती मागितली की तुझ्यावर ओझं येईल देण्याचं.

निंगव्वाला मुलगी झाली. दोन किलोची आहे, पण आवाज खणखणीत.

आई

—

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

रक्षिता,

तुझं कार्ड पोचलं. सहा महिने वाट पाहिली त्याची, आणि आलं तेव्हा दोन दिवस हातात घेऊन बसले. एकच ओळ आहे. 'किती वाजता पाहिलेस आणि किती वाजता फोन केलास?'

तुला माहीत आहे मी मागच्या पत्रात ते झाकलं होतं. 'जमलं तेव्हा' असं लिहिलं. आता नीट सांगते.

संध्याकाळी पाच बावन्नला पाहिले. सात पंचवीसला फोन केला.

मधल्या वेळात काय केलं तेही सांगते. क्रॉसवर अठरा जण चढले, त्यांची तिकिटं फाडली. जयनगरपर्यंत गर्दी होती. तिथे गाडी पाच मिनिटं रिकामी उभी होती, तेव्हा करता आला असता. केला नाही. डेपोत पोचल्यावर कागद भरून दिले. मग कँटीनमध्ये चहा घेतला. सात दहाला. फोन पिशवीत होता. मला वाटलं होतं, घरी गेल्यावर तुमचं भांडण सोडवायचंच आहे, त्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसू. तू शेजारच्यांना घेऊन ऑटोत बसली होतीस, पप्पांचं डोकं तुझ्या खांद्यावर होतं, तेव्हा मी चहा पीत होते. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

काल पप्पांचं श्राद्ध झालं. विश्वासमामा, मामी, दोघी आत्या, शेजारचे, सगळे होते. जेवणं सुरू झाल्यावर मोठ्या आत्यांनी परत विषय काढला. "सूर्यकांत आज असता. पोरीला स्वल्प अक्कल असती तर."

मी वाढत होते. भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि सांगितलं. पाच बावन्न, सात पंचवीस, चहा, सगळं. रेंजचं मी खोटं बोलले हे सांगितलं. मग आत्या म्हणाल्या, "आता कशाला उकरून काढतेस, महानंदा? झालं गेलं."

मी म्हटलं, "तुम्ही आत्ताच काढलंत, वन्सं. आजवर हे त्या पोरीच्या नावावर होतं. ते माझ्या नावावर करा."

विश्वासमामा पानावरून उठले नाहीत, पण त्यांचा हातही पुढे गेला नाही. मग म्हणाले, "पोरीला आम्ही काय काय बोललो, अक्का." मी म्हटलं, ते तिला सांगा, मला नको. ते तुला लिहिणार आहेत. वाचायचं की नाही ते तू ठरव.

आत्या न जेवता गेल्या. आज सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन आले. दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात परत जाईन. मला बसून राहता येतं.

उद्या तिसऱ्या वस्तीत डब्या द्यायच्या आहेत. तिथल्या बायका फुलांच्या कामाला जातात, पहाटे चारला निघतात, त्यामुळे आमचं वेळापत्रक नव्यानं मांडावं लागेल. कृष्णाबाई येणार आहे बरोबर, त्यांच्याशी बोलायला. डबी उघडून दाखवायचं आता तीच करते.

एक गोष्ट मात्र तुझ्या प्रश्नात नव्हती, तरी लिहिते. तू तासभर का थांबलीस, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मीच घरात सांगून ठेवलं होतं की काही झालं तर आधी मला फोन करा, दवाखान्याचं कार्ड माझ्याकडे असतं, मी सांगेन तसं करा. लहानपणापासून तुला तेच शिकवलं. तू वीस वर्षांची होतीस, एकटी होतीस, आणि मी सांगितलं होतं तसंच केलंस. तुझी काही चूक नव्हती, रक्षिता. इस्पितळाच्या दारात तू माझ्याकडे बघत उभी होतीस, तेव्हाच हे म्हणायला हवं होतं.

आई